दोन डुकरे आणि अठ्ठ्याऐंशी एकर



या सदरात मी सहसा बियाणे, खते आणि कीड-रोग यांच्या पलीकडे जात नाही. आज मात्र तुम्हांला बांध ओलांडून थेट ऑस्ट्रेलियात न्यायचे आहे. विषय शेतकऱ्याच्या घराचाच आहे, फक्त आज पीक कागदाचे आहे.

त्याचे असे झाले. माझी पुतणी मेलबर्नला नोकरीस असते. दिवाळीला घरी आली तेव्हा सांगत होती की तिच्या शेजारच्या आजीबाई आठवड्यातून एकदा डबा घेऊन सरकारी दप्तरखान्यात जातात आणि दिवसभर आपल्या पणजोबांच्या जमिनीची फाईल वाचत बसतात. मी म्हटले, "वाटणीचा दावा लागलाय का?" ती हसली. म्हणाली, "नाही हो काका. आपल्याकडे रेकॉर्ड रूममध्ये माणूस भांडणापायी जातो. तिकडे हौसेने जातात. आपली माणसं कोण होती, कुठून आली, काय खात होती, एवढंच त्यांना बघायचं असतं."

मला ते काही पटेना. हौसेने कोणी धुळीत हात घालतो का? तेव्हा तिने फोनवर अशा काही जुन्या फाईलींची पाने उघडून दाखवली. छापील फॉर्म, त्यात शाईने भरलेले रकाने. कुंपण किती, कशाचे? नांगरट किती एकर? घर किती फूट लांब, किती फूट रुंद? पाण्याची सोय काय? खाली तपासणी अधिकाऱ्याची सही. मंडळी, मी चमकलो. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या मुलखातला तो कागद आणि पंचायत समितीत बसून मी भरतो तो तपासणी अहवाल, दोन्ही सख्खे भाऊ शोभावेत. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

आधी एक अडचण सांगतो. तिकडे घराण्याचा इतिहास शोधणाराला जनगणनेचे कागद मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियात शिरगणती व्हायची, आकडे छापले जायचे आणि घरोघरचे फॉर्म नष्ट केले जायचे. माणसांची खाजगी माहिती उघड होऊ नये हा हेतू. न्यू साउथ वेल्स प्रांताच्या १८८१ च्या शिरगणतीचे कागद तर सिडनीच्या गार्डन पॅलेस या भव्य इमारतीला १८८२ साली आग लागली त्यात गेले. २००१ पासून तिथे ज्याची संमती असेल त्याचा फॉर्म नव्याण्णव वर्षे कुलपात ठेवतात, पण त्याचा उपयोग आजच्या शोधणाऱ्याला काय? त्यांच्याकडे आपल्यासारखा हेळवी नाही, भाट नाही, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांची नामावळीची वही नाही. तेव्हा त्यांना दुसऱ्याच कामासाठी लिहिलेले कागद धुंडाळावे लागतात. जहाजाची यादी, तुरुंगाचे रजिस्टर, घरपट्टीची वही, मृत्युपत्रासोबतची मालमत्तेची यादी, शाळेचे हजेरीबुक, गुराढोरांच्या डागांची नोंद, आणि सर्वांत मोठा खजिना म्हणजे जमिनीची फाईल.

हे सारे उदाहरणानेच समजेल. त्यासाठी मी केली नावाचे घराणे घेतो. हे घराणे तिकडे सर्वांना ठाऊक आहे, कारण त्यातला नेड केली हा मोठा बंडखोर दरोडेखोर झाला आणि १८८० साली फासावर गेला. त्याच्यावर १९०६ साली निघालेला चित्रपट जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानतात. दरोडेखोराची गोष्ट सिनेमावाल्यांनी पुष्कळ सांगितली आहे. मला ते एक हलाखीतले शेतकरी कुटुंब म्हणून पाहायचे आहे. पोलीस मागे लागल्यामुळे त्यांचा कागदन् कागद जपला गेला, एवढाच त्या बदनामीचा फायदा.

शोधाचा पहिला नियम असा की जे पक्के माहीत आहे तिथून मागे मागे जायचे. थेट मूळ पुरुषाला हात घालायचा नाही. म्हणून आपण नेडच्या बापाच्या मरणापासून सुरुवात करू.

व्हिक्टोरिया प्रांतात १ जुलै १८५३ पासून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. तिथला मृत्यूचा दाखला म्हणजे एका पानावरचे घराणेच. मेला कशाने, बाप कोण, बाप काय धंदा करी, आईचे माहेरचे नाव काय, जन्म कोणत्या गावचा, या देशात येऊन किती वर्षे झाली, लग्न कुठे व कितव्या वर्षी झाले, मुले किती, त्यांची नावे व वये. जगातल्या फार थोड्या दाखल्यांत इतके मिळते. मी तर म्हणेन की आपल्या ग्रामसेवकांनी तो नमुना एकदा पाहावा.

जॉन केली, ज्याला तांबड्या केसांमुळे रेड म्हणत, तो २७ डिसेंबर १८६६ रोजी ॲव्हनेल या गावी अंगावर पाणी चढून वारला. पाठीमागे बायको आणि सात मुले. आठांतली थोरली मुलगी तान्हेपणीच गेलेली. दाखल्यावर शेवटचा रकाना असतो तो 'खबर देणारा'. तिथे सही आहे ती एडवर्ड केली या मुलाची. हाच तो नेड. वय जेमतेम अकरा-बारा. बाप घरात गेलेला, आई लहानग्यांत गुंतलेली, आणि हे पोर रजिस्ट्रारसमोर उभे राहून बापाची हकीकत सांगते आहे. पुढे त्याच्या हातून काय काय झाले ते झाले. पण हा रकाना वाचताना मला माझ्या गावातली तेरवीनंतर वारसनोंदीला तलाठ्याकडे आलेली थोरली पोरे आठवली. तोंडावर मिसरूड नसते आणि त्यांना विचारावे लागते की वारस किती.

इथे एक सावधगिरी. दाखला सरकारी असला तरी त्यातली माहिती खबर देणाऱ्याला जेवढी ठाऊक तेवढीच खरी. अकरा वर्षांच्या मुलाला आजोबाचे नाव चुकीचे सांगितलेले असू शकते. म्हणून तिकडचे जाणते शोधक एका कागदावर विसंबत नाहीत, दुसरा कागद जोडीला लागतोच.

गंमत म्हणजे या खुद्द नेडच्या जन्माची सरकारी नोंद सापडत नाही. नोंदणीचा कायदा होऊन दीड-दोन वर्षे झाली होती. पण खेड्यातला बाप, घरात बाळंतीण, रजिस्ट्रार लांब. राहून गेले असेल. कोणी १८५४ चा डिसेंबर म्हणतात, कोणी १८५५ चा मध्य. ज्याच्यावर एवढे ग्रंथ झाले त्याची जन्मतारीख जगाला माहीत नाही. तेव्हा आपल्या आजीची जन्मतारीख '१ जून' अशी मास्तरांनी ठोकून दिलेली असेल तर वाईट वाटून घेऊ नका.

दाखल्यावरून मागे गेलो की लग्न येते. १८ नोव्हेंबर १८५० रोजी मेलबर्नच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये जॉन केली आणि एलेन क्विन यांचे लग्न लागले. १८५० म्हणजे सरकारी नोंदणीच्या आधीचा काळ. तेव्हा इथे सरकारी दप्तर सोडून चर्चच्या वहीकडे जावे लागते. एलेन आली कशी? तिचे आईबाप पोरांना घेऊन १८४१ साली 'इंग्लंड' नावाच्या जहाजातून आयर्लंडहून आले. सरकारी मदतीने तिकीट मिळालेल्या अशा कुटुंबांच्या याद्या जपलेल्या आहेत. नाव, वय, गाव, धर्म, लिहिता-वाचता येते की नाही, काम कोणते येते. भाड्याचे पैसे सरकारने दिले म्हणून ही यादी झाली. खिशातून पैसे भरून आलेल्या साहेबलोकांची एवढी बारीक माहिती मिळत नाही. गरिबाचा इतिहास कागदावर राहायचा तर त्याला कोणाचे तरी देणे लागावे लागते, हे मला या शोधात वारंवार दिसले.

आणि जॉन? त्याचा कागद टास्मानियाच्या दप्तरात निघतो. त्या बेटाला तेव्हा व्हॅन डीमन्स लँड म्हणत. इंग्रज सरकारने आपल्याकडच्या कैद्यांना अंदमानात धाडले तसे आपल्या घरच्या कैद्यांना १७८८ पासून १८६८ पर्यंत ऑस्ट्रेलियात धाडले. सुमारे १ लक्ष ६२ हजार माणसे. जॉन केली हा टिपरेरी परगण्यातला तरुण. दोन डुकरे चोरल्याबद्दल १८४१ साली त्याला सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. 'प्रिन्स रीजंट' जहाजाने तो १८४२ च्या जानेवारीत होबार्ट बंदरात उतरला आणि १८४८ साली त्याला सुटकेचा दाखला मिळाला.

दोन डुकरे! पण या डुकरांमुळेच त्याची नोंद झाली. कैदी उतरला की कारकून त्याला उभा करून टिपून घेत असे. उंची, केसांचा रंग, डोळे, अंगावरचे व्रण, गोंदण, धंदा, जन्मगाव. पळून गेला तर ओळखता यावा म्हणून. आज त्याच वर्णनावरून पणतवंडांना पणजोबाचा चेहरा डोळ्यांसमोर आणता येतो. ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या दप्तरांना २००७ साली युनेस्कोने जगाच्या ठेव्यात स्थान दिले आहे. पूर्वी मात्र तिथल्या घरांत हा विषय काढायची सोय नव्हती. आजोबा कैदी होता हे नातवाला कळू देत नसत, सोयरिकीत तर नाहीच. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत वारे असे फिरले की आता घराण्यात एखादा कैदी सापडला तर लोक मिरवतात.

आयर्लंडात याच्याही मागे जायचे म्हटले तर दुसरी भिंत आडवी येते. डब्लिनचा सरकारी दप्तरखाना १९२२ च्या यादवीत जळाला आणि १८२१ ते १८५१ च्या चार शिरगणत्यांचे बहुतेक कागद त्यात गेले. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या गावोगावच्या चर्चमध्येच होत्या, म्हणून त्या वाचल्या.

आता पुढे या. लग्नानंतर केली कुटुंबाने मेलबर्नच्या उत्तरेला बेव्हरिज येथे शेत केले. जॉनने तिथे बांधलेले घर अजून उभे आहे. तिथून ॲव्हनेल. १८६५ साली, दुष्काळाच्या दिवसांत, त्याच्यावर वासरू चोरल्याचा खटला झाला. चोरी शाबीत झाली नाही, पण घरात डाग कापून काढलेले कातडे सापडले. दंड २५ पौंड, नाहीतर सहा महिने सक्तमजुरी. पैसे कुठून येणार? तो आत गेला. या 'डागा'विषयी सांगायला हवे. तिकडे प्रत्येक पशुपालकाची जनावराच्या पुठ्ठ्यावर डागायची खूण ठरलेली असे आणि ती सरकारात नोंदवून छापली जाई. आज एखाद्या नातवाला गोठ्यात जुना गंजका डाग सापडला तर तो त्या छापील यादीत आजोबाचे नाव शोधू शकतो. पोलिसांच्या गॅझेटातही हरवलेल्या घोड्याचे वर्णन मालकाच्या वर्णनापेक्षा सविस्तर असे!

दीड वर्षात जॉन गेला. एलेन पोरे घेऊन ईशान्येला ग्रेटा भागात आपल्या बहिणींकडे आली आणि इलेव्हन माइल क्रीक या ओढ्याकाठी तिने ८८ एकर सरकारी जमीन धरली.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझ्या धंद्याचा भाग.

तिकडे सुरुवातीला हजारो एकर गवताळ रान मेंढ्यांच्या मोठ्या मालकांनी बळकावले होते. त्यांना स्क्वॉटर म्हणत. सोन्याच्या खाणी आटल्यावर हजारो रिकामे हात जमीन मागू लागले. तेव्हा १८६० पासून पुढे एकामागून एक कायदे झाले आणि लहान शेतकऱ्याला तुकडा निवडून घेण्याची मुभा मिळाली. अशा शेतकऱ्याला सिलेक्टर म्हणत. व्हिक्टोरियाचा १८६९ चा कायदा त्यांत मुख्य. जास्तीत जास्त ३२० एकर. पहिली तीन वर्षे परवाना, एकरी वर्षाला दोन शिलिंग. त्या मुदतीत जमिनीवर स्वतः राहायचे, कुंपण घालायचे, दहांतला एक एकर नांगराखाली आणायचा आणि एकरी एक पौंड किमतीच्या सुधारणा करून दाखवायच्या. हे जमले तर उरलेले चौदा शिलिंग एकदम भरून किंवा सात वर्षांत फेडून जमीन मालकीची. एक पौंड म्हणजे वीस शिलिंग. या दराने ८८ एकरांचा हिशेब केला तर वर्षाला १७६ शिलिंग, म्हणजे आठ पौंड सोळा शिलिंग. ज्या घराला २५ पौंड दंड भरता आला नाही त्या घरच्या विधवेला हे भरायचे, शिवाय कुंपण, शिवाय जवळजवळ नऊ एकर नांगरट.

तुम्ही म्हणाल, ८८ एकर म्हणजे जमीनदारी झाली! तसे नाही. ही जमीन म्हणजे उंच निलगिरीच्या जातीच्या झाडांचे रान. झाडाच्या बुंध्याची साल गोल सोलून ते उभेच वाळवायचे, मग तोडायचे, मग बुंधे खणून काढायचे, तेव्हा कुठे नांगर घुसतो. आणि मातीत स्फुरद नाही. ऑस्ट्रेलियाच्या जमिनी फार जुन्या, धुपून निःसत्त्व झालेल्या. सुपरफॉस्फेट तिकडे शेतकऱ्यांच्या हाती येऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी, आणि विल्यम फॅरर यांनी तयार केलेला 'फेडरेशन' गहू आला १९०१ साली. सिलेक्टर बिचारा त्याच्या आधीच्या पिढीचा. दोन-तीन वर्षे नव्या रानाच्या जोमावर गहू आला, मग उतार घसरला. फाईलीत तुम्हांला 'स्फुरदाची कमतरता' हे शब्द कुठेच दिसणार नाहीत. दिसते ते एवढेच की पहिल्या वर्षी इतके एकर गहू, तिसऱ्या वर्षी तेवढेच एकर, आणि हप्ता थकला. पुढे मुदतवाढीसाठी अर्ज. माती-परीक्षणाचा अहवाल वाचावा तसे ते आकडे वाचावे लागतात. त्यात स्क्वॉटर मंडळींची कारस्थाने वेगळी. मोराने दाणे वेचावेत तसे ओढे आणि पाणवठे तेवढे नोकराचाकरांच्या नावाने घेऊन ठेवायचे. मग मधली कोरडी जमीन घेऊन लहान शेतकरी करणार काय?

अशी एकेक फाईल सध्या मेलबर्नच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसात आहे. अर्ज, तुकड्याचा नकाशा, मोजणीदाराचा शेरा, सुधारणांची प्रतिज्ञा, शेजाऱ्यांच्या साक्षी, थकबाकीच्या नोटिसा आणि मोडक्या अक्षरांतली विनवणीची पत्रे. नवरा झाडाखाली सापडून जायबंदी झाला, घोडा मेला, तांबेऱ्याने गहू नेला, साहेबांनी सुगीपर्यंत थांबावे. अशा कारणांनी त्या काळच्या पुष्कळ फाईली भरलेल्या आहेत. घराण्याची गोष्ट मिळते ती इथे. जमीन सुरळीत मिळाली असेल तर फाईल बारीक, संकटे आली असतील तर फाईल जाड.

बायकांचे काय? विधवेला आणि अविवाहित बाईला स्वतःच्या नावाने जमीन मागता येई. नवऱ्यासोबत नांदणाऱ्या बाईला नाही. म्हणून एलेन केली विधवा झाली तेव्हाच जमिनीच्या कागदावर धनीण म्हणून आली. त्याआधी सोळा वर्षे तिने बेव्हरिजला आणि ॲव्हनेलला गाई पिळल्या, लोणी काढले, त्याची नोंद नाही. नवरा होता ना!

पुढचे कागद पोलिसांचे. १८७८ च्या एप्रिलमध्ये एक शिपाई एलेनच्या घरी आला, झटापट झाली, आणि खुनाच्या प्रयत्नाला साथ दिल्याचा आरोप तिच्यावर ठेवला गेला. ऑक्टोबरात तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. कडेवर तान्ही मुलगी घेऊन ती तुरुंगात गेली. स्त्री कैद्यांच्या रजिस्टरात वय, बांधा, खुणा सगळे टिपून घेतलेले असे. नवऱ्याला ज्या तऱ्हेने टिपले होते त्याच तऱ्हेने छत्तीस वर्षांनी बायको. नेड रानात गेला, तीन पोलीस मारले गेले, बँका लुटल्या गेल्या. १८८० च्या जूनमध्ये ग्लेनरोवनला चकमक झाली, त्यात धाकटा डॅन गेला आणि नेड धरला गेला. त्या वेळी त्याने चिलखताखाली हिरवा रेशमी पट्टा बांधला होता. लहानपणी ॲव्हनेलच्या ओढ्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवल्याबद्दल त्या मुलाच्या घरच्यांनी दिलेला. तो पट्टा आजही बेनालाच्या संग्रहालयात आहे. ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्न तुरुंगात नेडला फाशी दिले तेव्हा आई त्याच तुरुंगात होती. आदल्या दिवशी भेट झाली.

या प्रकरणात पोलिसांनी केलींच्या नात्यागोत्यातल्या आणि सहानुभूतीच्या माणसांची यादी केली आणि त्या भागात त्यांना सरकारी जमीन मिळू नये अशी व्यवस्था झाली. म्हणजे ज्या जमीन-खात्याच्या फाईलीत शेतकरी म्हणून नाव यावे, त्याच खात्यात संशयित म्हणून नाव आले. पुष्कळ घरांना आपले पणजोबा अमुक साली जमीन सोडून दूर का गेले याचे उत्तर या यादीनेच मिळाले आहे.

एलेन सुटून परत ग्रेटा भागातच आली. १९२३ साली नव्वदी ओलांडून तिथेच वारली. शेवटपर्यंत जिम या मुलाने सांभाळले.

आता पुतणीने दाखवलेल्या दुसऱ्या एका ढिगाविषयी. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने परत आलेल्या शिपायांना जमिनी वाटल्या. प्रत्येक शिपायाची फाईल, आणि तिच्यात दर काही महिन्यांनी भेट देणाऱ्या तपासनिसाचा शेरा. गडी कष्टाळू आहे की आळशी, दारू पितो का, बायको हातभार लावते का, पुढचा हप्ता द्यावा की रोखावा. छातीत विषारी वायू घेऊन आलेला शिपाई दूध काढताना धापा टाकतो, हे तपासनिसाला दिसले तर दिसले. पुष्कळ घरांत मंडळाला पत्रे लिहिणारी बायकोच असे. १९२९ साली न्यायमूर्ती पाइक यांनी या साऱ्या योजनेची चौकशी केली. तोटा २ कोटी ३५ लक्ष पौंडांवर गेला होता. कारणे त्यांनी चार दिली : भांडवल नाही, कुटुंब पोसेल एवढी जमीन नाही, माणूस त्या कामाचा नाही, आणि मालाचे भाव कोसळले. चारांपैकी एकच माणसाकडे बोट दाखवते. तपासनिसांच्या शेऱ्यांत मात्र माणसालाच बोल लावलेला पुष्कळदा आढळतो. भाव कोसळल्याचा रकाना त्यांच्या फॉर्मात नव्हता.

आणि एक सांगितल्याशिवाय हे पुरे होणार नाही. या सगळ्या नकाशांवर तुकडे पाडण्याआधी ती जमीन कोणाची होती? तिथे हजारो वर्षे राहणाऱ्या मूळ लोकांची. सिलेक्टरच्या फाईलीत 'पूर्वीचा धारक' म्हणून त्यांचे नाव कुठेही नसते. सरकारी हिशेबी ती जमीन बेवारस. हे बेवारसपण १९९२ साली माबो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खोटे ठरवले. त्यानंतर मरी आणि गोल्बर्न नद्यांकाठच्या योर्टा योर्टा लोकांनी दावा लावला. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तोंडी साक्षी दिल्या. पण १९९८ साली न्यायाधीशांनी एडवर्ड कर नावाच्या स्क्वॉटरने १८८३ साली छापलेल्या आठवणींना त्या साक्षींपेक्षा जास्त वजन दिले आणि परंपरा तुटली असे ठरवून दावा फेटाळला. २००२ साली वरच्या न्यायालयातही तेच झाले. ज्याने जमीन घेतली त्याचे लिखाण पुराव्यात वरचढ, आणि ज्याची गेली त्याची आठवण हलकी. लिहिता येणाऱ्याचे राज्य म्हणतात ते हेच.

तरीही त्या लोकांना कागदाचाच आसरा घ्यावा लागतो. नॉर्मन टिंडेल या संशोधकाने १९३८-३९ साली वस्त्यावस्त्यांवर फिरून त्यांच्या वंशावळी आणि फोटो गोळा केले. हेतू माणसांच्या जातीजमाती मोजण्याचा. आज ते कागद ॲडलेडच्या संग्रहालयात आहेत. सरकारने आईबापांपासून हिरावून नेलेल्या मुलांची नातवंडे त्यांत आपली आजी शोधतात. कधी कधी नावापुढे फोटोही निघतो.

पुतणी परत गेली. जाताना म्हणाली, "काका, तुम्ही लिहिलेले अहवालसुद्धा असेच कोणीतरी वाचेल." ती सहज बोलली, पण मला रात्री झोप लागली नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत विहिरीच्या एका योजनेची तपासणी माझ्याकडे होती. एका शेतावर दोनदा गेलो, दोन्ही वेळा खोदकाम बंद, माणूस नाही. मी लिहिले, "लाभार्थी कामात स्वारस्य घेत नाही. पुढील हप्ता रोखावा." नंतर कळले की तिचा नवरा शहरातल्या दवाखान्यात होता आणि ती बाई त्याच्या उशाशी बसून होती. हप्ता एक उन्हाळा लांबला. पुढे मीच "काम समाधानकारक" असा दुसरा शेरा मारला, विहिरीला पाणीही चांगले लागले. पण पहिले पान फाईलीतून काढता येत नाही, आणि त्यावर दवाखान्याचा उल्लेख नाही. त्या बाईचा नातू सध्या कृषी पदविकेला आहे. कधी भेटला की नमस्कार करतो. त्याला ही हकीकत माझ्या तोंडून अजून कळलेली नाही. येत्या आठवड्यात त्यांच्या गावी माझी फेरी आहे, तेव्हा सांगणार आहे.

पुढील अंकी तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी लिहितो. त्याबद्दलची बरीच पत्रे उत्तरावाचून पडली आहेत.